प्राथमिक शाळेत शरीर, भावना आणि नाती: काय शिकवायचं, आणि ऐकायचं कुणी?

प्राथमिक शाळेत शरीर, आरोग्य आणि नात्यांविषयी शिकवायचं म्हटलं की पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्याशा पोरांना हे आतापासून कशाला?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा असतो. तोच धडा आता सहा वर्षांच्या मुलापुढे उघडणार, अशी त्याची समजूत झालेली असते. तसं खरोखरच असतं, तर त्या पालकाच्या बाजूने मीही उभी राहिले असते.

गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा पहिली ते चौथीच्या. या चार वर्षांत शिकवायचं ते असं. राग आला तर काय करावं. मैत्रिणींनी खेळात घेतलं नाही तर ते कुणाला, कसं सांगावं. दात, नखं, झोप, डब्यातली भाजी. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं. कुणी जवळ घेतलेलं आवडलं नाही तर काय म्हणावं. आई-वडील दूर असून आजी सांभाळत असेल तर तेही पुरतं घरच, हे कळणं. मोबाइलवर कुणी फोटो मागितला तर काय करावं. आणि चौथीच्या अखेरीस, वयात येताना शरीर कसकसं बदलतं याची तोंडओळख. स्त्री-पुरुष संबंधांचा विषय या वयात जवळजवळ येतच नाही.

इंग्लंडने हे दोन भाग कायद्यानेच वेगळे काढलेत. २०१७च्या कायद्याच्या आधारे सप्टेंबर २०२० पासून तिथल्या सगळ्या प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं झालं, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत आरोग्याचंही. लैंगिक शिक्षण मात्र प्राथमिक वर्गांना सक्तीचं नाही. शाळेने ते ठेवलंच, तर पालकांना आपलं मूल त्या तासाला न बसवण्याचा हक्क आहे. नातेसंबंधांच्या तासातून तसं काढून घेता येत नाही, कारण मैत्री, आदर आणि स्वतःची सुरक्षितता या गोष्टी प्रत्येक मुलाला लागतातच. ही विभागणी आपल्याही कामाची आहे. कुठल्या गोष्टीवर वाद घालायचा आणि कुठल्या गोष्टीवर वाद घालण्यासारखं काहीच नाही, हे तिच्यामुळे स्पष्ट होतं.

सुरुवात भावनांपासून होते. पहिलीतल्या मुलाकडे त्यासाठी दोन-तीनच शब्द असतात: बरं वाटतं, राग येतो, रडू येतं. त्यात बाई हळूहळू भर घालतात. भीती, लाज, हेवा, कंटाळा, एकटं वाटणं, पोटात गोळा येणं. हजेरी घेताना "हजर" म्हणण्याऐवजी प्रत्येकाने आज कसं वाटतंय ते एका शब्दात सांगायचं, एवढी साधी सवय लावली तरी पुष्कळ होतं. एखादा मुलगा सांगतो, "काल बाबा बोटीवर परत गेले, म्हणून मला काही खावंसं वाटत नाही." वर्गाला ते समजतं. दुपारच्या आहाराच्या वेळी कुणी तरी आपणहून त्याच्या शेजारी जाऊन बसतं. आपल्याकडे वडील बोटीवर किंवा आखातात असलेली घरं कमी नाहीत, आणि निरोपाचे हे दिवस मुलं मुकाट्याने काढतात.

ही सवय पुढे फार मोठ्या कामाला येते. "त्यांच्याकडे शिकवणीला जाताना मला कसंसंच होतं" हे वाक्य बोलू शकणारं मूल आणि ते न बोलता नुसतं पोट दुखतं म्हणणारं मूल, यांत किती अंतर आहे ते प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. आणि हे मूल कुठल्याही भाषेत बोललं तरी चालायला हवं. आमच्या वर्गांत घरी कोंकणी बोलणारी मुलं असतात, कर्नाटकातून कामाला आलेल्या कुटुंबांतली कन्नड बोलणारी असतात. शुद्ध मराठीत सांगायची अट घातली की निम्मी मुलं गप्प बसतात.

यानंतर येते परवानगी. हा सगळ्या अभ्यासक्रमाचा गाभा, आणि मोठ्यांना पचायला सगळ्यात जड असाही भाग.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घर भरतं. मुंबई-पुण्याहून माणसं येतात, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची गडबड असते, स्वयंपाकघरात नेवऱ्या तळल्या जात असतात. अशात पाच-सहा वर्षांचं पोर दिसलं की प्रत्येक जण त्याला ओढतो. गालगुच्चे घेतो, मांडीवर बसवतो, "ये रे बाबू, एक पापी दे" म्हणतो. बाबू आईच्या पदराआड जातो. सगळे हसतात. आई त्याला पुढे ढकलते: "असं काय करतोस, आपलेच काका ना ते!" यात कुणाच्याही मनात वाईट नसतं, सगळं मायेनं चाललेलं असतं. पण बाबू त्यातून शिकतो ते असं, की मोठ्या माणसाला मला जवळ घ्यायचं असेल तर माझ्या 'नको'ला काही किंमत नाही, आणि आईसुद्धा माझ्या बाजूने बोलत नाही. पुढे एखाद्या वाईट माणसाने त्याला कोपऱ्यात गाठलं, तर हाच धडा त्याला आठवणार.

उपाय अवघड नाही. मोठ्यांचा मान राखायला नमस्कार आहे. लांबून हात जोडता येतात, टाळी देता येते, पाया पडता येतं. "काकांना नमस्कार कर" एवढं सांगायचं, आणि पापी द्यायची की नाही ते मुलावर सोडायचं. काका खरे मायेचे असतील तर ते रागावणार नाहीत.

वर्गात हे खेळातून करतात. जोड्या लावायच्या. एकाने विचारायचं, "तुझ्या खांद्यावर हात ठेवू?" दुसऱ्याने मनात येईल ते म्हणायचं, हो किंवा नको. "नको" ऐकणाऱ्याने "बरं" म्हणायचं आणि हात मागे घ्यायचा. माझ्या मते या खेळातलं मोलाचं वाक्य ते "बरं" आहे. नको म्हणायला शिकवायची तयारी आता पुष्कळ जण दाखवतात. दुसऱ्याचं नको ऐकून घ्यायला, त्याने अपमान झाला असं न मानायला, विशेषतः मुलग्यांना, आपण क्वचितच शिकवतो. सात वर्षांच्या मुलाला ते दोन आठवड्यांत जमतं. पंचविशीत शिकवायला गेलं तर फार उशीर झालेला असतो.

इथे शाळेनेही स्वतःकडे पाहायला हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना मारणं, मानसिक छळ करणं यांवर बंदी आहे. तरीही पट्टी उगारली जाते, कान पिळला जातो. सकाळी "तुझं शरीर तुझं आहे" असं शिकवायचं आणि दुपारी पाढा चुकला म्हणून त्याच शरीराला चिमटा काढायचा, हे एका वर्गात नांदू शकत नाही. मुलं सकाळचं विसरतात आणि दुपारचं लक्षात ठेवतात.

आता शरीराची नावं. अवयव शिकवताना आपण डोकं, खांदे, पोट असं करत कमरेपर्यंत येतो आणि तिथून एकदम गुडघ्यावर उडी घेतो. मधल्या जागेला प्रत्येक घराचं वेगळं लाडाचं नाव असतं. समजा, एखाद्या घरात तिला 'फूल' म्हणतात. मुलगी धीर करून बाईंना सांगते, "दादा माझं फूल ओढतो." बाई वह्या तपासत असतात. त्या म्हणतात, "असू दे, उद्या दुसरं आण." मुलीने सांगितलं होतं, तिच्या परीने स्पष्ट सांगितलं होतं. ऐकणाऱ्याला ते कळलंच नाही, आणि ती पुन्हा सांगेल याची खात्री कुणी द्यावी?

म्हणून शिश्न, वृषण, योनी, गुद, स्तन ही नावं नाक-कान-डोळ्यांसारखीच, त्याच आवाजात सांगायची. पहिल्या दिवशी वर्ग हसतो. हसू द्यावं. बाईंच्या चेहऱ्यावर काही वेगळं दिसलं नाही की हसू विरतं, आणि मग ते फक्त शब्द राहतात. घरचं नाव विसरायची सक्ती करू नये, त्याच्याबरोबर हे नावही माहीत असावं, एवढंच.

नावांनंतर नियम येतो. आतल्या कपड्यांनी झाकलेले भाग आणि तोंड हे खाजगी. कुणी त्यांना हात लावू नये, ते पाहू नयेत, त्यांचे फोटो काढू नयेत, स्वतःचे तसले भाग तुला दाखवू नयेत की त्यांना हात लावायला सांगू नये. दोन अपवाद: लहान मुलाला धुणं-पुसणं, आणि तब्येतीसाठी डॉक्टरांनी तपासणं, तेही घरचं विश्वासाचं माणूस शेजारी असताना.

बऱ्याच शाळांत हा भाग 'गुड टच, बॅड टच' या नावाने होतो. आता जाणकार 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' स्पर्श असं शिकवा म्हणतात, आणि त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. असुरक्षित स्पर्श दुखतोच असं नाही. तो गुदगुल्यांच्या रूपात येतो, चॉकलेटबरोबर येतो, लाड करणाऱ्या माणसाकडून येतो. 'वाईट स्पर्श वाईट वाटतो' असं शिकलेलं मूल मग गोंधळतं: मला तर वाईट वाटलं नाही, म्हणजे तो वाईट नसणार. किंवा त्याहून भयंकर, मला वाईट वाटलं नाही म्हणजे वाईट मीच. म्हणून कसोटी नियमाची ठेवायची. कसं वाटलं ते महत्त्वाचं आहेच, पण कसंही वाटलं असलं तरी नियम मोडणारा चुकला, मूल नाही.

'अनोळखी माणसाशी बोलू नको' हा आपला आवडता उपदेशही अपुरा आहे. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर अनोळखी असं असतं कोण? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता, आणि त्यात गोवाही होता. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. तेव्हा 'मुलींना जपा' एवढ्याने भागत नाही, आणि 'परक्यांपासून जपा' एवढ्यानेही नाही.

ओळखीचा माणूस एका दिवसात काही करत नाही. आधी तो मुलाचा लाडका होतो, घरच्यांचाही होतो. मग मुलाला इतरांपासून थोडं बाजूला काढतो, आणि मग एक गुपित तयार करतो. या गुपितापाशीच मुलाला सावध करता येतं. आईच्या वाढदिवसाची भेटवस्तू लपवणं ही गंमत, ती ठरल्या दिवशी सगळ्यांना कळतेच. "आईला सांगितलंस तर आई आजारी पडेल," "हे फक्त आपल्या दोघांतच" हे गुपित. गंमत जपायची, गुपित सांगून टाकायचं. दुसरीतल्या मुलांना हा फरक चटकन समजतो. आपल्या घरातली उदाहरणं ती स्वतःच देऊ लागतात.

सांगायचं कुणाला, यासाठी एक जुनी युक्ती आहे. कागदावर हाताचा पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवायचा आणि प्रत्येक बोटावर एका विश्वासाच्या माणसाचं नाव लिहायचं. त्यातलं निदान एक बोट घराबाहेरच्या माणसाचं हवं, कारण त्रास घरातलाच असू शकतो. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, त्यानेही नाही ऐकलं तर तिसऱ्याला. पाचही बोटं संपली तर १०९८, मुलांसाठीची ही फोनसेवा देशभर दिवसरात्र चालू असते आणि तिला पैसे पडत नाहीत. हा नंबर मुलांच्या पाठ असावा. एखाद्या मुलाची तीन बोटं रिकामी राहिली, तर बाईंसाठी ती फार महत्त्वाची माहिती असते.

'नाही म्हण, पळ, सांग' हे घोषवाक्य पुष्कळ ठिकाणी भिंतीवर दिसतं. त्याला एक पुरवणी जोडायलाच हवी. भीतीने मूल गोठतं. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, पाय उचलत नाहीत. मग भिंतीवरचं वाक्य त्याला टोचत राहतं: मी नाही म्हटलं नाही, मी पळालो नाही, म्हणजे चूक माझी. म्हणून प्रत्येक वेळी सांगायचं: म्हणता आलं नाही, पळता आलं नाही, तरी चूक तुझी नाही. कधीही सांग. उशिरा सांगितलंस तरी चालेल.

आरोग्याच्या भागावर फार लिहायला नको, तो आपल्याला पटलेला आहेच. हात धुणं, दात घासणं, झोप, पाणी, सकस जेवण यांवर सगळ्यांचं एकमत होतं. घोडं अडतं ते चौथीत, वयात येण्याच्या धड्यापाशी.

इथे आकडे पाहिले की बरंच सोपं होतं. मुलींच्या शरीरात वयात येण्याचे बदल साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, मुलग्यांच्या नऊ ते चौदाच्या दरम्यान. पाळी बहुधा त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. चौथीतलं मूल नऊ-दहा वर्षांचं असतं. म्हणजे वर्गातल्या काही मुलींच्या शरीरात बदल सुरू झालेले असतात, आणि एखादीला पाचवीत, क्वचित चौथीतच, पाळी येऊ शकते. पाळी म्हणजे काय हे ज्या मुलीला आधी कुणी सांगितलेलं नाही, तिला कपड्यावर रक्त दिसतं तेव्हा काय वाटत असेल? आपल्याला काही तरी भयंकर झालंय, आपण मरणार. हे तिने एकटीने शाळेच्या संडासात सोसावं यात कुठली संस्कृती जपली जाते, हे मला कधीच कळलेलं नाही.

चौथीतल्या धड्यात पुरेल एवढं हे: शरीर वाढतं, काही जणांचं लवकर, काही जणांचं उशिरा, दोन्ही ठीक. काखेत केस येतात, घामाचा वास बदलतो, मुलींना पाळी येते, मुलग्यांचा आवाज पुढे फुटतो. पाळीत शरीर आजारी किंवा अस्वच्छ नसतं. पॅड कसं वापरायचं आणि कुठे टाकायचं. हा धडा मुलगे-मुलींना एकत्र द्यावा. पाळीची चेष्टा करणारा मुलगा बहुधा तो असतो ज्याला 'तुम्ही बाहेर जा' असं सांगून दार लावलेलं असतं. मुलींना खाजगी प्रश्न विचारण्यासाठी नंतर वेगळी वेळ जरूर द्यावी. पाळीतल्या शिवाशिवीचा प्रश्न इथे निघतोच. बाईंनी कुणाच्या आजीला नावं ठेवू नयेत, पण शाळेत तसं काही पाळलं जाणार नाही, हे स्वच्छ सांगावं.

याने मुलं बिघडतील, नको ते कुतूहल जागं होईल, ही भीती खरी आहे आणि तिला हसून उडवणं बरोबर नाही. पण ती तपासून पाहिली गेली आहे. युनेस्कोने २००९ मध्ये आणि सुधारून २०१८ मध्ये या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका काढली, ती पाच वर्षांच्या मुलांपासून सुरू होते. तिच्यासाठी जगभरचे अभ्यास गोळा केले तेव्हा असं दिसलं, की अशा शिक्षणाने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत. काही ठिकाणी तर उलट उशिरा वळतात. २०१५ मध्ये शाळांतल्या अत्याचार-प्रतिबंध कार्यक्रमांच्या २४ चाचण्या, मिळून ५,८०० च्या आसपास मुलं, एकत्र तपासल्या गेल्या. शिकलेल्या मुलांना धोका ओळखणं आणि काय करायचं ते जास्त माहीत होतं, आणि या शिकण्याने त्यांची भीती किंवा चिंता वाढली नव्हती.

याच तपासणीने आणखी एक गोष्ट पुढे ठेवली, आणि तीही लपवू नये. अशा शिक्षणाने अत्याचारांचं प्रमाणच घटतं, असं त्या चाचण्यांतून सिद्ध होत नाही. हे मला अपेक्षितच वाटतं. आठ वर्षांच्या मुलाने चाळीस वर्षांच्या माणसाला रोखावं, ही अपेक्षाच चुकीची. रस्ता ओलांडायला आपण मुलाला शिकवतो, म्हणून काही गाडी सांभाळून हाकायची जबाबदारी मुलावर येत नाही. शिक्षणाने मुलाला बोलता येतं. थांबवायचं काम मोठ्यांचं.

आपल्याकडचा कायदा हेच सांगतो. गोव्याला तर या विषयाची ओळख फार कडू मार्गाने झाली. मडगावात अनाथाश्रमाच्या नावाखाली मुलांचं लैंगिक शोषण चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्यानंतर काही वर्षांनी, २००३ मध्ये, गोव्याने मुलांसाठी आपला स्वतंत्र कायदा केला आणि त्यातून बाल न्यायालय उभं राहिलं. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा देशभरासाठी आला तो २०१२ साली. म्हणजे हा विषय बाहेरून आपल्यावर लादलेला नाही, तो आपल्याच राज्यात घडलेल्या गोष्टींतून आलेला आहे.

पोक्सोच्या २०२० च्या नियमांत तर सरकारांवर स्पष्ट काम सोपवलं आहे: मुलांसाठी वयानुरूप साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करायचा, ज्यात स्वतःची सुरक्षितता, इंटरनेटवरची सुरक्षितता, मनाचं स्वास्थ्य, तक्रार कुठे करायची, मुलगा-मुलगी समानता हे सगळं येईल. त्याच वर्षी केंद्राने आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यात अकरा विषय आहेत, भावनिक आरोग्यापासून नातेसंबंध आणि इंटरनेटच्या वापरापर्यंत, आणि प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक त्यासाठी तयार करायचे आहेत. पण त्याची सुरुवात वरच्या वर्गांपासून केली गेली, प्राथमिकची मुलं मागेच राहिली. पायाभूत स्तराच्या, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या, २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात असुरक्षित परिस्थिती ओळखून मदत मागता येणं ही क्षमता नमूद आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की लैंगिकतेचं शिक्षण नववीची वाट न पाहता लहान वयापासून द्यायला हवं. कागदावर आधार भरपूर आहे. वर्गात मात्र बालदिनाला कुणी तरी पाहुणा येतो, पाऊण तास चित्रफीत दाखवतो, फोटो निघतात आणि पुढच्या बालदिनापर्यंत विषय बंद होतो.

पाहुण्याच्या तासाने माझं समाधान होत नाही ते एका कारणासाठी. चांगला तास झाला की त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात एखादं मूल बोलतं. आणि नेमका तेव्हा पाहुणा आपल्या गावी परतलेला असतो. मुलासमोर उभ्या असतात वर्गाच्या बाई, ज्यांना अशा वेळी काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं, की मुलांना बोलायला शिकवण्याआधी शाळेने ऐकणारी माणसं तयार करावीत. बोलायला लावून ऐकायला कुणी नसणं, हे न शिकवण्यापेक्षा वाईट.

ऐकणाऱ्याला काय यायला हवं? चेहरा शांत ठेवणं. "तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही" हे वाक्य. मूल जितकं बोलेल तितकंच ऐकणं. "तुला नक्की आठवतंय ना?" असं न विचारणं, आणि तीच गोष्ट मुख्याध्यापकांपुढे, मग समितीपुढे, मग शेजारच्या बाईंपुढे वदवून न घेणं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन न देणं, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी "तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन" म्हणावं. मुलाचे शब्द, त्याच्याच भाषेत, तारखेसह लिहून ठेवणं. ज्याच्याविषयी सांगितलं त्याला बोलावून जाब न विचारणं.

आणि मग कळवणं. पोक्सोच्या १९व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या, किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद. शाळेचं नाव खराब होईल, गावात बोभाटा होईल, देवळात बसून मिटवू, या कुठल्याही सबबीला कायद्यात जागा नाही. बाईंनी खात्री करून घ्यायची नसते, पुरावा शोधायचा नसतो. ते काम पोलिसांचं. पालकांना धीर देणारी गोष्ट अशी, की मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, विश्वासाचं माणूस जवळ असताना. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख जाहीर करता येत नाही.

आपल्या अडचणीही मोठ्या आहेत. कितीतरी प्राथमिक शाळा एकशिक्षकी आहेत, चार इयत्ता एका खोलीत बसतात. त्यातच आहार, नोंदी, सर्वेक्षणं. अशा शाळेत 'नवा विषय' म्हणून हे चालणार नाही. ते हजेरीच्या पाच मिनिटांत, परिसर अभ्यासाच्या धड्यात, मधल्या सुट्टीतल्या भांडणात मुरलं पाहिजे. चार इयत्ता एकत्र असण्याचा इथे थोडा फायदाही होतो. पहिलीतलं मूल तेच चार वर्षं ऐकतं, दर वर्षी थोडं जास्त समजून. जवळपासच्या शाळांनी मिळून एक प्रशिक्षण घ्यावं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर किंवा परिचारिकेला बरोबर घ्यावं, आणि आशा सेविका नसलेल्या या राज्यात अंगणवाडीच्या ताईंना तर नक्कीच, कारण गावातली घरं त्यांना आतून माहीत असतात.

पालकांची सभा धड्यांच्या आधी व्हावी, नंतर नाही. मुलांना जी चित्रं दाखवणार तीच टेबलावर मांडून ठेवावीत, जे शब्द वापरणार ते मोठ्याने वाचून दाखवावेत. निम्मा विरोध तिथेच मावळतो, कारण मनातली चित्रं टेबलावरच्या चित्रांपेक्षा पुष्कळ भडक असतात. उरलेल्या पालकांचं ऐकून घ्यावं. "बाळ कुठून आलं असं विचारलं तर काय सांगू?" हा प्रश्न नेहमी येतो. सहा वर्षांच्या मुलाला "आईच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते, बाळ तिच्यात वाढतं" एवढं पुरतं, आणि ते खरं असतं. देवाने दिलं किंवा हॉस्पिटलातून आणलं असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न ते दुसऱ्या कुणाला तरी विचारतं. पुढचं त्याने विचारलं तर पुढचं सांगावं. उत्तर येत नसेल तर "मी बघून उद्या सांगते" म्हणावं, आणि उद्या खरोखर सांगावं.

सभा सकाळी दहाला ठेवली की फक्त आया येतात. बापांना आणायचं असेल तर रविवारी सकाळी ठेवावी किंवा संध्याकाळी काम सुटल्यावर, आणि चिठ्ठीवर 'पालकांनी' असं मोघम न लिहिता 'आई आणि बाबा दोघांनी' असं लिहावं. बाबा बोटीवर असतील तर व्हिडिओ कॉलवर.